बीड जिल्ह्यातील पाहुणचार : पाणवठा, कारागिरी आणि शिवार

बीड जिल्ह्यातील पाहुणचाराचा इतिहास पाण्यापासून सुरू होतो. गोदावरीच्या दक्षिणेला पसरलेला, बालाघाटाच्या डोंगररांगेने दुभागलेला हा १०,६९३ चौरस किलोमीटरचा प्रदेश वाळवंटात मोडत नाही. पण अवर्षणप्रवण म्हणून तो शतकानुशतके ओळखला जातो. वर्षाचा पाऊस सरासरीने साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या आसपास असतो. अडचण सरासरीपेक्षा पावसाच्या खंडाची आहे. मृगात पेरते व्हावे आणि नंतर महिना-महिना आभाळाकडे पाहावे, हा अनुभव इथल्या शेतकऱ्याला नवा नाही. खाली काळा कातळ असल्याने पाणी मुरते ते भेगांपुरतेच, आणि होळीनंतर विहिरींचे तळ दिसू लागतात.

जिल्ह्याचे दोन नैसर्गिक भाग पडतात. उत्तरेकडे गोदावरीकाठची गंगथडी आहे. गेवराई, माजलगाव आणि परळीचा काही भाग तिच्यात येतो. इथली जमीन काळी आणि खोल आहे. दक्षिणेकडे आष्टी, पाटोदा, केज, धारूर, अंबाजोगाई हा बालाघाटाचा भाग. तिथे माळरान, खडकाळ उतार, सीताफळीची झुडपे आणि पळस-बाभळी दिसतात. मांजरा नदी याच डोंगरात, पाटोदा तालुक्यात उगम पावते. बिंदुसरा बीड शहरातून वाहते. दोन्ही भागांत पीक, पाणी आणि घरांची बांधणी वेगळी असली, तरी परक्या माणसाला दारात घेण्याचे नियम जवळजवळ सारखे राहिले. पाहुण्याला काय द्यायचे, कधी बोलवायचे आणि कुठे बसवायचे, या तिन्ही गोष्टी इथे पाऊस आणि पीक पाहून ठरत आल्या.

वाटा आणि वाटसरू

हा प्रदेश जुन्या मोठ्या वाटांवर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या अंतरावर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असल्याची नोंद आहे. पैठण आणि तेर यांना जोडणारी सरळ रेषा ओढली, तर ती बीडच्या परिसरातून जाते. सातवाहनकाळी या दोन बाजारपेठांमधला माल बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून जात असे. पुढे यादवांची देवगिरी, बहामनींचे बीदर, निजामशाहीचे अहमदनगर आणि आदिलशाहीचे विजापूर ही सत्ताकेंद्रे एकामागून एक उदयाला आली, आणि बीड बहुधा त्यांच्या मधल्या वाटेवर किंवा सीमेवर राहिले. धारूरचा किल्ला सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखान लारी याने बांधून काढला तो या सीमेमुळेच. निजामशाही आणि मोगल यांच्या फौजाही याच घाटांतून गेल्या.

व्यापारी, फौजा, फकीर, गोसावी, वारकरी आणि यात्रेकरू हे सगळे या वाटांवरून पायी, घोड्यावर किंवा बैलगाडीने जात. रेल्वे आली ती जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, निजामाच्या राज्यात परळीपर्यंत. बीड शहर मात्र विसावे शतक संपल्यावरही रुळांपासून दूर राहिले. त्यामुळे मुक्कामाची गावे, सावलीची झाडे आणि पाणवठे यांना इथे फार काळ महत्त्व होते. दिवसभराची मजल पाण्याच्या ठिकाणांवरून ठरे.

पाणवठ्यांची उभारणी ही राजे, सरदार आणि गावकरी या तिघांनीही पुण्यकर्म म्हणून केली. बीडच्या दक्षिणेस, सोलापूरच्या रस्त्याजवळ असलेली खजाना विहीर हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. मुर्तझा निजामशहाच्या काळात बीडचा जहागीरदार असलेल्या सलाबतखानाने ती १५८३ च्या सुमारास बांधली, आणि तिची रचना राजा भास्कर या स्थपतीची असल्याचे मानले जाते. विहिरीत भुयारी कालव्यांतून पाणी येते आणि दुसऱ्या भुयारातून ते शेतीकडे वाहून जाते. दुष्काळातही तिचे पाणी आटत नाही, अशी तिची ख्याती आहे. बीडचे कंकालेश्वर मंदिर तर कुंडाच्या मध्यभागीच उभे आहे. अंबाजोगाई आणि परिसरात पायऱ्यांच्या बारवा आढळतात. बारवेत वाटसरू पायऱ्या उतरून स्वतः पाणी घेऊ शकतो, त्याला दोर किंवा पोहरा लागत नाही. पांथस्थासाठी बांधलेल्या पाणवठ्याला हा आकार म्हणूनच सोयीचा ठरला. उन्हाळ्यात रस्त्याकडेला रांजण भरून पाणपोई घालण्याची रीतही यातलीच. ती गुढीपाडव्याच्या सुमारास सुरू होई आणि मृगापर्यंत चाले.

छागल, गुप्ती आणि प्रवासाच्या वस्तू

पाण्याच्या या टंचाईतूनच बीडची सर्वांत नावाजलेली कारागिरी घडली. निजामाच्या राज्यात बीड शहर दोन वस्तूंसाठी प्रसिद्ध होते: कातड्याची छागल आणि गुप्ती. दोन्ही वस्तू प्रवाशाच्या होत्या.

छागल म्हणजे पाणी नेण्याची कातडी पिशवी. तिचे कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे आणि शिवण्याचे काम चांभारांकडे असे. बालाघाटाच्या माळावर तरवड आणि बाभूळ विपुल आहेत, आणि या दोन्ही झाडांच्या साली कातडे कमावायला वापरतात. कच्चा माल असा दाराशी होता. छागलीच्या कातड्यातून पाणी अगदी थोडे पाझरत राहते. वाऱ्याने त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार राहते. गाडीच्या साटीला किंवा घोड्याच्या खोगिराला अडकवलेली छागल जितकी वाऱ्यावर डुले, तितके पाणी थंड होई. माठ घरात चालतो, पण गाडीच्या धक्क्याने फुटतो. छागल फुटत नाही. मोठ्या प्रमाणावर पाणी न्यायचे तर पखाल वापरत. ती बैलाच्या किंवा हेल्याच्या पाठीवर लादत आणि फौजेच्या तळावर, लग्नमांडवात किंवा यात्रेत पाणी पुरवायला तिचा उपयोग होई. विसाव्या शतकात किंतानाची म्हणजे जाड कॅनव्हासची छागल आली. मोटारीच्या आणि ट्रकच्या पुढच्या बाजूला ती टांगलेली दिसे. तिनेही पाणी पाझरून गार होण्याचे तेच तत्त्व वापरले, पण कातड्याच्या छागलीचे गिऱ्हाईक तिने हिरावले.

गुप्ती ही काठीत लपवलेली पोलादी पात असते. हातातली साधी काठी दिसावी आणि प्रसंगी शस्त्र व्हावी, अशी तिची घडण. चोर-दरोडेखोर आणि ठग यांची धास्ती असलेल्या वाटांवर ती सोबत बाळगली जाई. निजामाचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपले आणि पुढे १९५९ च्या शस्त्र कायद्याने धारदार शस्त्रांवर निर्बंध आले. रस्तेही सुरक्षित झाले. गुप्तीचा धंदा त्यामुळे ओसरला.

पाहुण्याच्या अंथरूण-पांघरुणाशी निगडित कारागिरी अधिक घरगुती होती. धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी सणगर विणत. चिंचोक्याची खळ दिल्याने ती घट्ट होते, थंडी आणि पाऊस दोन्ही अडवते, आणि बैठकीत पाहुण्यासाठी अंथरायलाही चालते. ओसरीवर घोंगडी टाकणे म्हणजे बसा असे सांगणेच होते. जुन्या लुगड्यांचे थर लावून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी किंवा वाकळ प्रत्येक घरात असे. घरच्या माणसांच्या वाकळी विटलेल्या असत. एखादी चांगली मात्र पेटीत घडी घालून ठेवलेली असे आणि पाहुणा आला की बाहेर निघे.

जाड सुती कापड विणण्याची परंपराही जुनी आहे. तिचा वेगळाच पुरावा अंबाजोगाईत सापडतो. संतकवी दासोपंत (१५५१ ते १६१५) यांनी पासोडीवर, म्हणजे पांघरण्याच्या जाड कापडावर, 'पंचीकरण' हा वेदान्तविषय ओव्या आणि आकृत्यांसह लिहून काढला. ही पासोडी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे. ग्रंथलेखनासाठी कवीने कागदाऐवजी कापड निवडले, आणि ते कापड चार शतके टिकले.

बंजारा समाजाचे तांडे जिल्ह्याच्या अनेक तालुक्यांत आहेत. बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहण्याचा त्यांचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, गाडीरस्ते आणि रेल्वे वाढल्यावर मोडला, आणि तांडे माळावर स्थिरावले. आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचे त्यांचे भरतकाम मुळात स्वतःच्या पोशाखासाठी आणि बैलांच्या साजासाठी होते. आता ते बाजारातही विकले जाते.

गावातला पाहुणा

गावात आलेल्या परक्याची व्यवस्था दोन पातळ्यांवर होई. नातलग, सोयरे आणि स्नेही घरी उतरत. अधिकारी, शिपाई, गोसावी, फकीर आणि अनोळखी वाटसरू यांची सोय गाव म्हणून केली जाई. मराठी मुलखात गावखर्च नावाची तरतूद असे. देवळाचा दिवा, उत्सव, दुरुस्ती यांबरोबर आल्यागेल्याचा शिधा आणि वैरण याच खर्चातून दिली जाई. उतरायला चावडी, मारुतीचे देऊळ, धर्मशाळा किंवा मठ असे. निजामाच्या राज्यात मोठ्या गावी मुसाफिरखाने होते.

या व्यवस्थेची दुसरी बाजू कठोर होती. दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला चारा, तळाला सरपण आणि सामानाला माणूस पुरवण्याचे काम वेठीने करून घेतले जाई. त्याचा भार प्रामुख्याने महार वतनदारांवर आणि इतर बलुतेदारांवर पडे. पाहुण्याचा मान पाटील-देशमुखांच्या वाड्याला मिळे आणि कष्ट मात्र ज्यांना त्या वाड्याच्या ओसरीवर बसता येत नसे त्यांच्या वाट्याला येत. पाणवठे जातवार वेगळे होते. छागल शिवणाऱ्या आणि मोट बांधणाऱ्या हातांना गावच्या विहिरीवर पाणी शेंदण्याची मुभा नव्हती. पुढे चहा आल्यावर हॉटेलांतून वेगळ्या कपबशा ठेवण्याची रीत पडली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला. त्याचे पडसाद मराठवाड्यातही उमटले. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्याने सार्वजनिक पाणवठा किंवा उपाहारगृह नाकारणे गुन्हा ठरवले. पाहुणचाराच्या इतिहासात हा बदल कोणत्याही पक्वान्नापेक्षा मोठा आहे. पाण्याच्या भांड्याची अट सुटायला मात्र कायद्यानंतरही बराच काळ लागला.

घरी आलेल्या पाहुण्याचे स्वागत ठरलेल्या क्रमाने होई. आधी हातपाय धुवायला पाणी, मग गूळ आणि पाणी. उन्हातून आलेल्याने नुसते पाणी पिऊ नये म्हणून गुळाचा खडा देत. पाण्याचा तांब्या पुढे केल्याशिवाय कामाचे बोलणे काढत नसत. वाड्यांत दारालगतची ढेलज ही बाहेरच्या पुरुषांची बैठक. सोपा किंवा ओसरी ही जवळच्यांची. स्त्री-पाहुण्या माजघरात जात आणि निघताना हळदकुंकू लावून त्यांची ओटी भरली जाई. विसाव्या शतकात गूळपाण्याची जागा चहाने घेतली. आधी तो शहरात, मग बाजारगावी आणि शेवटी खेड्यात पोचला. आजही साखरेऐवजी गूळ घातलेला चहा जुन्या घरांत मिळतो.

यात्रा आणि सामुदायिक पाहुणचार

जिल्ह्यातील तीर्थक्षेत्रांनी पाहुणचाराला संस्थात्मक रूप दिले. परळीचे वैजनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाते, आणि मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातल्या अनेक घराण्यांची, विशेषतः चित्पावनांची, कुलस्वामिनी आहे. समुद्रकाठची ही कुटुंबे सह्याद्री ओलांडून या कोरड्या पठारावर येत. देवीच्या पुजाऱ्यांच्या घरी उतरण्याची आणि जेवणाखाण्याची सोय त्यांच्याकडेच होण्याची पद्धत त्यातून रूढ झाली.

या दोन क्षेत्रांना जोडणारी आख्यायिकाही पाहुण्यांची आहे. योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता. वऱ्हाड वाटेत थांबले, मुहूर्त टळला, देवी कुमारिकाच राहिली आणि वऱ्हाडी दगड झाले, असे सांगतात. अंबाजोगाईजवळच्या हत्तीखाना लेण्यांना आणि तिथल्या दगडी हत्तींना लोक त्याच वऱ्हाडाच्या मुक्कामाशी जोडतात. बीडच्या दक्षिणेला कपिलधार येथे मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा आहे. कार्तिकी पौर्णिमेला तिथे वीरशैव भाविकांची मोठी यात्रा भरते.

आषाढी वारीच्या काळात जिल्ह्यातील अनेक गावे यजमान होतात. पैठणहून निघणारी संत एकनाथांची पालखी रायमोहा, पाटोदा या मार्गाने जाते. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परळी आणि अंबाजोगाईवरून पंढरपूरला जाते. मुक्कामाच्या गावात घरटी भाकरी गोळा करण्याची आणि आमटी एकत्र शिजवण्याची पद्धत आहे. नामसप्ताहांतही हेच चालते. प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे भाकरी द्यायची आणि गावाने मोठ्या काहिलीत आमटी करायची. धान्य, सरपण आणि मेहनत अशी विभागली गेल्याने टंचाईच्या वर्षातही हजारो माणसांची पंगत उठू शकते. जेवायला पळसाच्या पानांच्या पत्रावळी असत; त्या लावण्याचे काम बायका-मुले उन्हाळ्यात करून ठेवत.

दर्ग्यांशी जोडलेली कंदुरी हा याच सामुदायिक जेवणाचा सामिष प्रकार. नवस फेडण्यासाठी बोकड कापून त्याचे जेवण भाऊबंद, शेजारी आणि मित्रांना घालतात. मुसलमानांप्रमाणे अनेक हिंदू घराणीही कंदुरी करतात, आणि तिचे आमंत्रण दूरदूरच्या स्नेह्यांना जाते.

शिवारातले निमंत्रण

बीडच्या पाहुणचाराचे सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण रूप घरात नव्हे, शेतात दिसते. खरीप लहरी पावसाच्या हातात असते. रब्बीची ज्वारी मात्र परतीच्या पावसाच्या ओलीवर आणि थंडीवर पोसते. मार्गशीर्ष ते माघ या काळात विहिरींना पाणी असते, रान हिरवे असते, ऊन सोसवते. शहरातल्या मित्राला गावाकडे बोलावण्याचा हाच हंगाम.

लातूर आणि धाराशिवला लागून असलेल्या अंबाजोगाई परिसरात त्याची सुरुवात वेळ अमावस्येने होते. मार्गशीर्ष अमावस्येला येणारा हा सण बोलीत येळवस म्हणून ओळखला जातो. तो कर्नाटकाच्या सीमाभागाशी या पट्ट्याचे नाते दाखवतो. शेतात कडब्याची खोप उभारतात. तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडतात आणि लक्ष्मीची पूजा करतात. पूजेनंतर रब्बीच्या पिकात आंबील शिंपडत शेताला फेरी घालतात. संध्याकाळी गवताचा पेटता हेंडगा घेऊन पिकाभोवती फिरतात. या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. ज्यांना शेत नाही त्यांना शेत असलेले आग्रहाने नेतात. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

येळवसीचे जेवण हंगामाचा हिशेब मांडते. मुख्य पदार्थ भज्जी. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, हरभऱ्याचे घाटे आणि मिळतील त्या भाज्या बेसन लावून एकत्र शिजवतात. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाची ताकात आंबवलेली आंबील, गव्हाची खीर, आंबट भात आणि शेंगदाण्याच्या पोळ्या असतात. आंबील मातीच्या भांड्यात भरून शेतावर नेतात. भाजीचा बहुतेक ऐवज रानातूनच येतो. विकत आणण्याजोगे त्यात फार थोडे असते.

त्यानंतरचा काळ हुरड्याचा. ज्वारीचे दाणे दुधातून चिकात आले, की कोवळी कणसे खुडतात. जमिनीत उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्यांची आगटी पेटवतात. ज्वाला विझून निखारे झाले की कणसे त्यांत खुपसून भाजतात. गोवरीची धग संथ आणि सारखी असल्याने दाणा करपत नाही. गरम कणीस हातावर चोळून दाणे काढणे हे सरावाचे काम. सुपात पाखडून कोंडा उडवला की हिरवा, गोडसर हुरडा तयार होतो. तो गरमच खातात. बरोबर शेंगदाणा-लसणाची चटणी, गूळ, दही, बोरे, हरभऱ्याचे ढाळे आणि उसाची कांडी असते. हुरडा भाजणारा घरचा माणूस शेवटी खातो आणि पाहुणा आगटीच्या वाऱ्याकडच्या बाजूला, धूर लागणार नाही असा बसतो.

सगळ्या ज्वारीचा हुरडा सारखा होत नाही. धान्यासाठी मालदांडीला मान असला, तरी हुरड्यासाठी गूळभेंडी, कुचकुची, सुरती असे मऊ आणि गोड दाण्याचे वाण राखले जात. ज्याचा दाणा बोंडातून सहज सुटतो, तो वाण चांगला. असे वाण धान्याला कमी उतरतात आणि पाखरे त्यांच्यावर आधी पडतात. तरीही शेतकरी वावराच्या एका बाजूला त्यांचे चार तास, म्हणजे ओळी, पेरत. ते तास खास आल्यागेल्यासाठी असत. पिकण्याआधी खुडलेले प्रत्येक कणीस वर्षाच्या धान्यातून वजा होते, म्हणून दुष्काळी भागात हुरड्याचे निमंत्रण ही साधी गोष्ट नव्हती. पुढे कृषी विद्यापीठांनी हुरड्यासाठी स्वतंत्र वाण काढले. राहुरीच्या विद्यापीठाचा फुले उत्तरा आणि परभणीच्या विद्यापीठाचा परभणी वसंत ही त्यांची उदाहरणे.

शिवाराच्या फेरफटक्याला जोडून माळरानाची आणि डोंगराची सहल होते. पावसाळ्याच्या अखेरीस पाटोदा तालुक्यातील सौताड्याचा धबधबा खोल दरीत कोसळतो आणि खाली रामेश्वराचे मंदिर आहे. त्याच तालुक्यातील नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ मध्ये घोषित झाले. आश्विन-कार्तिकात धारूर आणि परिसरातील डोंगरउतारांवर सीताफळे पिकतात. पाहुण्याला पाटी भरून सीताफळे बांधून देण्याची रीत इथे आहे. खडकाळ, उतारावरच्या हलक्या जमिनीत आणि फारशा पाण्याशिवाय हे झाड तग धरते. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने धारूर-६ हा वाण याच भागातून निवडला, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पाहुण्याचे ताट

रोजचे जेवण ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, पिठले, अंबाडीची किंवा तरवट्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी असे असते. भाजीपाल्याच्या टंचाईमुळे डाळी, पिठे आणि वाळवणे यांवर स्वयंपाक उभा आहे. हुलग्याचे शेंगोळे, सांडगे, शेंगदाण्याचे म्हाद्या हे पदार्थ त्यातून आले. पाहुणा अवेळी आला तरी अडू नये, ही सोय या कोरड्या साठ्यात आपोआप होते.

तिचे ठळक उदाहरण म्हणजे येसर. गहू, ज्वारी किंवा बाजरी आणि हरभऱ्याची डाळ भाजून, धणे, मिरची आणि खडा मसाला घालून ते दळून ठेवतात. उकळत्या पाण्यात फोडणीसह येसर सोडले की दाट, झणझणीत आमटी होते. लग्नकार्यात किती माणसे येतील याचा नेम नसतो. पाणी आणि येसर वाढवत नेले की आमटी पुरते. येसर आमटी म्हणूनच मराठवाड्यातल्या पंगतींची खूण झाली. प्रवासाला निघणाऱ्या पाहुण्याला ज्वारीच्या पिठाचे, तीळ घातलेले धपाटे दह्याबरोबर किंवा चटणीबरोबर बांधून देतात. ते एक-दोन दिवस टिकतात.

मानाच्या पाहुण्याला पुरणपोळी, आणि पाहुण्यांत सर्वांत मानाचा जावई. सुमारे तीन वर्षांनी येणाऱ्या अधिक मासाला मराठवाड्यात धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि अनारशांचे वाण देतात. या मानाची उलटी बाजू केज तालुक्यातील विडा गावात दिसते. तिथे धुळवडीला गावच्या एका जावयाला गाढवावर बसवून, गळ्यात खेटरांची माळ घालून वाजतगाजत मिरवतात आणि मिरवणूक संपल्यावर नवे कपडे देऊन त्याचा सन्मान करतात. आठ-नऊ दशकांची ही प्रथा आहे. ती टाळण्यासाठी जावई आधीच गायब होतात आणि गावकरी त्यांना शोधून आणतात.

दुष्काळ, स्थलांतर आणि आजचे रूप

मोठ्या दुष्काळांनी या सगळ्या रीतींना वेळोवेळी खीळ घातली. १६३० च्या सुमाराचा दख्खनचा दुष्काळ, १८७६ ते १८७८ चा आणि १८९९-१९०० चा दुष्काळ यांत माणसे गावे सोडून गेली. यजमान स्वतःच वाटसरू झाले. १९७२ चा दुष्काळ आजही बोलण्यात येतो. अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाऊन आणि खडी फोडून लोकांनी तो काढला. त्याच काळात रोजगार हमीची कामे उभी राहिली, पाझर तलाव झाले, आणि पुढे विंधनविहिरी व हातपंप खेडोपाडी पोचले. बारवा आणि पाणपोया यांची गरज त्यामुळे घटली. गोदावरीवरील जायकवाडी, सिंदफणेवरील माजलगाव आणि मांजरेवरील धनेगाव या धरणांनी काही पट्टे ओलिताखाली आणले. बालाघाटाचा बराच भाग कोरडवाहूच राहिला.

ज्यांच्या शेतात पाणी पोचले नाही, त्यांनी ऊसतोडीची वाट धरली. दसरा झाला की बीडमधली लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. हुरड्याच्या दिवसांत त्यांची घरे कुलूपबंद असतात. या कुटुंबांचा पाहुणचाराचा हंगाम त्यामुळे चैत्र-वैशाखात सरकला. लग्ने, जत्रा आणि कंदुऱ्या तेव्हाच उरकतात, आणि पाण्याची सर्वाधिक ओढही तेव्हाच असते. टँकरच्या फेऱ्या मांडवाच्या तारखेशी जुळवाव्या लागतात.

दुसरीकडे हुरडा हा व्यवसाय झाला. शहरालगतच्या शेतांत माणशी दर ठरवून हुरडा, भाकरी-पिठले आणि बैलगाडीची फेरी देणारी केंद्रे निघाली. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर करून अशा केंद्रांना नोंदणीची चौकट दिली. आगटीभोवतीच्या बैठकीचे पैसे घेणे जुन्या माणसांना खटकले, तरी ज्वारीच्या धान्याला मिळणाऱ्या भावापेक्षा हुरड्याचा भाव अधिक असल्याने मागे पडलेले गूळभेंडी, सुरतीसारखे वाण पुन्हा पेरले जाऊ लागले.

कारागिरीचे तसे झाले नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीने छागल संपवली, आणि गुप्ती कायद्याने. घोंगडीचे माग गिरणीच्या ब्लँकेटपुढे कमी झाले. वाकळ, येसर आणि बंजारा भरतकाम टिकून आहे, कारण त्यांचा कच्चा माल आणि हात दोन्ही घरातलेच आहेत. येण्याजाण्याची साधनेही बदलली. अहमदनगर-बीड-परळी रेल्वेमार्गाचे काम अनेक दशके रखडले होते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, अहिल्यानगरहून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरहून, बीडपर्यंत गाडी सुरू झाली. दोन हजार वर्षे गाडीवाटेने येणारा पाहुणा बीड शहरात प्रथमच रेल्वेने उतरू लागला.